शब्दचर्चा: टॉमी, जेरी आणि पुष्कळसे गणपत

तळटीप:
मंडळी, एका अनुवादात अडकलोय. दिवाळी अंकासाठी काही जुनी पत्रं मराठीत आणतोय. १९४४ ची, इटलीतली. लिहिणारा मराठा पलटणीतला गोरा अधिकारी, घरी आईला लिहितोय. एकाच परिच्छेदात त्याचे टॉमी येतात, जॉक येतात आणि समोरच्या टेकडीवर जेरी. मी सगळं तसंच ठेवलं. बायकोने खर्डा वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. "टॉमी रात्रभर पावसात भिजले म्हणजे? कुत्री पण नेली होती का लढाईला?" पुढच्या ओळीत जेरी आला तेव्हा तिने कागद खाली ठेवला आणि कुकर लावायला गेली.

ते एक वेळ टीप देऊन निभेल. खरा घोटाळा वेगळाच आहे. पत्रांत गणपत नावाचा माणूस सारखा येतो. मी धरून चाललो की हा साहेबाचा ऑर्डर्ली. गणपत चहा करतो, गणपत अडून बसलेल्या खेचराची समजूत काढतो, गणपत इटालियन म्हातारीशी मराठीत बोलतो आणि तिला ते कळतं. चार पत्रं होईपर्यंत मला तो आवडायला लागला होता. पाचव्या पत्रात तो मारला गेला. एकच ओळ, फार काही नाही. मला दोन दिवस चुटपुट लागून राहिली. सहाव्या पत्रात हा पठ्ठ्या पुन्हा चहा करतोय!

मग मूळ हस्ताक्षर भिंगाखाली धरलं. कितीतरी ठिकाणी नावाच्या शेपटीला एक पुसटसा 'एस' आहे. म्हणजे गणपत हा माणूस नव्हेच. मराठा शिपाई म्हणजे गणपत, जसा इंग्रज शिपाई म्हणजे टॉमी. आता हे मराठीत कसं आणायचं? "गणपतांनी पूल दुरुस्त केला" हे वाचायला कसंतरीच वाटतं. "मराठा जवान" केलं तर साहेबाचा सूर जातो. सुचवा.

प्रमाण:
व्याकरणात काहीच अडचण नाही. एक देव, पाच देव, देवांनी. तसंच एक गणपत, पाच गणपत, गणपतांनी. विशेषनामाचं अनेकवचन केलं की ते सामान्यनाम होतं, हे आपण शाळेत शिकलोय. "आम्हाला सुदाम नकोत, भीम हवेत" हे उदाहरण आठवत असेल. माझा आक्षेप टॉमी आणि जेरीला आहे. 'गोरे शिपाई' आणि 'जर्मन' हे शब्द असताना परकी टोपणनावं कशाला आयात करायची?

मिरजकर:
कारण पत्र लिहिणाऱ्याने 'गोरे शिपाई' लिहिलेलं नाही म्हणून. आणि 'शिपाई' तरी कुठला, फारसीच ना? जुनी माणसं 'सोजीर' म्हणायची, तो वापरा. सोल्जरचा सोजीर झालाय आणि त्याला आता कुणी परका म्हणणार नाही.

टॉमीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्ण नाव थॉमस ॲटकिन्स. ब्रिटिश युद्धखात्याने शिपायाची खातेपुस्तिका कशी भरायची याचा नमुना काढला, त्यात हे नाव घातलेलं होतं. १८१५ च्या आसपासची गोष्ट. आपल्याकडे नमुना अर्जात 'श्री. अ. ब. क.' असतं तसंच. फरक इतकाच की अ. ब. क. ला पुढे कुणी युद्धावर पाठवलं नाही. असंही सांगतात की ड्यूक ऑफ वेलिंग्टनने आपल्या तरुणपणी रणांगणावर मरताना पाहिलेल्या एका शिपायाचं नाव मुद्दाम सुचवलं. ही गोष्ट गोड आहे, म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

वाट चुकलेला:
वेलिंग्टन म्हणजे आपला असईचा वेल्स्ली! १८०३, जाफराबादजवळ, शिंदे-भोसल्यांशी लढाई. म्हणजे मूळ टॉमी जालना जिल्ह्यात पडला असणार!!

मिरजकर:
त्या गोष्टीतला शिपाई फ्लँडर्समध्ये पडतो, १७९४ साली. तुमचा जिल्हा सुटला.

वाट चुकलेला:
बरं. पण कुत्र्याचं काय? आमचे आजोबा सांगायचे, गोऱ्या सोजिरांवरच्या रागापोटी लोकांनी कुत्र्यांची नावं टॉमी ठेवायला सुरुवात केली.

मिरजकर:
मग मोती हे नाव कुणावरच्या रागाने? साहेब लोकांच्या बंगल्यात कुत्र्यांची नावं इंग्रजी असायची, ती बघून ठेवली, इतकं साधं असू शकतं की.

चाकपंक्चर:
मला तर टॉमी म्हटल्यावर ना कुत्रा दिसतो ना गोरा. टॉमी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. आमच्या गॅरेजमध्ये पोरगं पहिल्या दिवशी तीन शब्द शिकतं: पाना, जॅक, टॉमी. पेपरातही येतं बघा, "लोखंडी टॉमीने शटर उचकटून रोकड लांबवली". हा दांडा आणि तो सोजीर एकच का?

मिरजकर:
नाव एकच, माणूस वेगळा. इंग्रजीत पोऱ्यानं करायचं काम यंत्र करायला लागलं की पोऱ्याचंच नाव यंत्राला द्यायची खोड आहे. जॅक हे त्यांच्याकडचं हरकाम्याचं सर्रास नाव, ते गाडी उचलणाऱ्या वस्तूला मिळालं. सूत कातणारी जेनी तशीच. म्हणजे तुमच्या गॅरेजमध्ये तीन पोरं कामाला आहेत, त्यांतली दोन लोखंडाची.

चाकपंक्चर:
लोखंडाची बरी. मोबाइल बघत नाहीत.

सुभेदाराचा नातू:
तळटीप, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'गणपत' फौजेत आजही ऐकू येतं. मराठा पलटणीचा जवान तो गणपत, मद्रास रेजिमेंटचा तो तंबी, गुरखा तो जॉनी. माझे आजोबा बेळगावला भरती झाले आणि पुढे इटलीतच होते. नाव शंकर. पण ऐंशीव्या वर्षी दवाखान्यात नंबर आला की दारात टाच जुळवून "गणपत हजर है" म्हणायचे. कंपाउंडर बिचारा यादीत गणपत शोधत बसायचा. त्यांच्या सेक्शनमध्ये दोन खरेखुरे गणपत होते. त्यांना ओळखायला म्हणून एकाला 'काळा' आणि एकाला 'वाईकर' म्हणत. म्हणजे गंमत बघा, ज्यांचं नाव गणपत त्यांनाच गणपत म्हणायची सोय राहिली नाही.

साहेब कुचेष्टेने लिहीत नव्हता एवढं नक्की. सूर आपुलकीचा आहे, तो घालवू नका.

गिरगावकर:
आपुलकी कुणाच्या बाजूने, हे विचारायला हवं. माझे आजोबा राजापूरकडचे, चौदाव्या वर्षी मुंबईत आले. काळबादेवीला एका गुजराती शेठच्या घरी घरगडी. त्या काळी मुंबईत घरकामाच्या कोकणी गड्याला सरसकट 'रामा' म्हणत. गुजरातीत 'रामो'. "रामो राख्यो छे" म्हणजे गडी ठेवलाय. आधीच्या गड्याचं नाव काही का असेना, तो रामाच होता.

आता आमच्या आजोबांचं खरं नाव रामचंद्र. त्यामुळे सेठाणी आपल्याला नावाने हाक मारतेय असंच ते समजून होते. घरी पत्रातही लिहायचे, माणसं चांगली आहेत, नावाने हाक मारतात. सात वर्षांनी ते गिरणीत लागले. नंतर एकदा दिवाळीला शेठकडे भेटायला गेले. सोप्यावर बसले होते, हातात फराळाची बशी. आतून सेठाणीची हाक आली, "रामा!" आजोबा बशी ठेवून उठले. त्याच वेळी स्वयंपाकघरातून एक पोरगा ओले हात पुसत बाहेर आला. त्याचं नाव यशवंत. दोघं समोरासमोर उभे. सेठाणी हसली म्हणे, तिला मजा वाटली. आजोबा हे सांगताना हसायचे नाहीत.

तेव्हा मला विचाराल तर सेठाणीचा रामा आणि साहेबाचा गणपत एकाच मांडणीवरचे डबे आहेत.

सुभेदाराचा नातू:
गोष्ट मनाला लागली. पण मांडणी एक नाही हो. फौजेत टॉमीलाही टॉमी म्हणतातच की. साहेब स्वतःच्या जातभाईला जे करतो तेच आपल्याला केलं. आणि नाव घ्यायची वेळ आली तेव्हा नाव घेतलंय. त्याच इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे, सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधव. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, पूर्ण नावाने.

गिरगावकर:
म्हणजे नाव मिळवायला एकट्याने मशीनगनवर चालून जायचं. घाडगे तर त्यातच गेले. यशवंतच होते तेही.

प्रमाण:
चर्चा भावनिक होतेय. मुद्दा शब्दाचा आहे.

नीलाक्षी:
शब्दाचाच मुद्दा घेऊन मी पण येते. माझे बाबा हवालदार होते. शाळेत मला 'पांडूची पोरगी' म्हणायचे. १९७५ चा दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' घरात सगळ्यांनी पाहिलेला, बाबांनीही, आणि पोट धरून हसले होते. पण सिग्नलवर कॉलेजची पोरं "ए पांडू" म्हणून सुसाट जायची तेव्हा घरी येऊन गप्प बसायचे. 'मामा' म्हटलेलं त्यांना चालायचं. मामा म्हटल्यावर निदान भाच्याने लाजायचं असतं.

वाट चुकलेला:
पांडूचा उगम मला माहीत आहे! १८५७ नंतर इंग्रज बंडवाल्या शिपायांना 'पँडी' म्हणायचे, मंगल पांडेवरून. हे लिखित आहे, खोटं नाही. पँडी, पांडी, पांडू. शिपायाचा पांडू तिथूनच आला.

मिरजकर:
पहिलं वाक्य सोडलं तर बाकी सगळं नाकारतो. पँडी होता, खरा आहे. बराकपूर, २९ मार्च १८५७, आणि मग इंग्रजांच्या पत्रांतून कुठल्याही बंडखोर शिपायाला पँडी. पण तो उत्तरेतला, इंग्रजांच्या तोंडातला शब्द. मुंबईच्या हवालदारापर्यंत तो कुठल्या गाडीने आला? पांडुरंगाचा पांडू घरोघरी असताना मंगल पांड्यांना बराकपूरहून कशाला आणायचं? घाट उतरून आलेला शेतकऱ्याचा मुलगा पोलिसात लागला, त्याचं नाव पांडुरंग असण्याचीच शक्यता जास्त.

वाट चुकलेला:
शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, हे मघाशी तुम्हीच म्हणालात.

मिरजकर:
मघाशी मी 'विश्वास ठेवत नाही' म्हणालो होतो. असो. दिला गुण.

अवांतर: शिवाजी महाराजांच्या काळात हवालदार म्हणजे अख्ख्या किल्ल्याचा कारभारी. हवाला असलेला तो हवालदार. किल्ल्यावरून सिग्नलवर आला.

नीलाक्षी:
हे बाबांना सांगायला हवं होतं.

शीलाची लेक:
मेलबर्नहून. माझ्या आईचं नाव शीला. पहिल्यांदा इथे आली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने नाव विचारलं. आईने सांगितलं "शीला" आणि तो खो खो हसत सुटला. इथल्या जुन्या बोलीत 'शीला' म्हणजे कुठलीही बाई. मूळ आयरिश नाव आहे म्हणतात, त्याचं सामान्यनाम झालं. आईचं म्हणणं, "म्हणजे मी त्याला सांगितलं की माझं नाव बाई. मग? सांगलीत मला सगळे बाईच म्हणायचे." ती तीस वर्षं शिक्षिका होती.

एडिसनकर:
अमेरिकेतला 'जॉर्ज' घ्या. पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांत काळे पोर्टर असत. प्रवासी त्या सगळ्यांना जॉर्ज म्हणायचे, कारण कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखायची जुनी रीत, ती गुलामी संपल्यावरही चालूच. गिरगावकरांच्या रामापेक्षा एक पायरी खालचं आहे हे. रामा निदान कोकणातलं नाव तरी होतं.

आणि आता तोच उद्योग वरच्या दिशेने चाललाय. दुकानात मॅनेजरला बोलावून आवाज चढवणारी गोरी बाई म्हणजे 'कॅरन'. आमच्या ऑफिसात एक खरी कॅरन आहे. अतिशय गरीब स्वभाव. कँटीनमध्ये चहा गार आला तरी तक्रार करत नाही, करायची सोयच राहिली नाही.

खजिनदार_काका:
आमच्या सोसायटीत वॉचमनला बहादूर म्हणतात. १९८९ साली इमारत झाली तेव्हा खरोखरच नेपाळी वॉचमन होता, नावात बहादूर होतं. नेपाळ्यांत मधलं नाव बहादूर असणं सर्रास. तो गेला, दुसरा नेपाळी आला, तोही बहादूर. सध्याचा नांदेड जिल्ह्यातला आहे, शुद्ध मराठी बोलतो, तरी बहादूरच. गेल्या महिन्यात हिशेबाची वही पाहिली तर ३५ वर्षं एकच खातं चालू आहे: 'बहादूर पगार'. ऑडिटर म्हणाला हा तुमचा सर्वांत जुना कर्मचारी दिसतो, याला ग्रॅच्युइटी दिली का?

प्रमाण:
हे उदाहरण उत्तम. पहिल्यांदा नाव, मग जमात, मग नुसतं काम. मात्र वर कुणीतरी मामा आणला, पुढे कुणी अण्णा आणि भैया आणेल, म्हणून आधीच सांगतो: ती नाती आहेत, नावं नव्हेत. त्यांचा वेगळा धागा काढावा.

नीलाक्षी:
भाजीवाल्याला 'भैया' म्हणताना नातं असतं का हो त्यात?

प्रमाण:
व्याकरणात असतं.

कांदाभजी:
दोन तास वाचतोय, कुणीच सोमाजी गोमाजी कापशांचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे कुणीही सोम्यागोम्या म्हणजे तोच. सोम्या कोण, गोम्या कोण आणि कापसे आडनावच का? आमच्या वर्गात एक कापसे होता, त्याचे काय हाल झाले असतील.

मिरजकर:
सोम्यागोम्या गट नव्हे. सोम्या म्हणजे कुणीही, रामा म्हणजे विशिष्ट कुणीतरी. टॉमीचा भाऊबंद रामा, सोम्या नव्हे.

कांदाभजी:
कुणीही म्हणजे आपल्यापेक्षा खालचा कुणीही. कलेक्टरला कुणी सोम्यागोम्या म्हणत नाही.

वाट चुकलेला:
जेरी राहिला. जर्मन सोल्जरचं हेल्मेट उलटं धरलं तर रात्रीच्या भांड्यासारखं दिसायचं, आणि त्या भांड्याला इंग्रजीत जेरी म्हणत. म्हणून जेरी!

मिरजकर:
'जर्मन' चा लाडका अपभ्रंश 'जेरी', इतकं पुरे आहे. हेल्मेट सरळच धरा.

तळटीप:
सगळ्यांचे आभार. टॉमीला 'सोजीर' करतोय, जॉक 'स्कॉटिश सोजीर', जेरी टीप देऊन जेरीच. प्रमाण रागावतील, रागावू देत.

गणपतचं मात्र कालपासून तीनदा बदललं. गिरगावकरांची गोष्ट वाचून सगळीकडे 'मराठा जवान' केलं. मग सुभेदारांच्या नातवाचे आजोबा आठवले आणि पुन्हा 'गणपत' केलं. आता चहा आणि खेचर या ठिकाणी 'आमचे गणपत' असं ठेवलंय, ते कानाला बरं लागतं.

अडलोय पाचव्या पत्रावर. तिथे शेपटीला एस नाही. "काल रात्री गणपत गेला" एवढंच. मी एक माणूस समजून त्याचं सुतक धरलं होतं, आणि तो एक माणूसच होता. कोण, ते नाही लिहिलेलं. आईला काय कळणार म्हणून नसेल लिहिलं. तिथे "एक जवान मारला गेला" करायला हात होत नाही.

सुभेदाराचा नातू:
पत्रावर तारीख आहे ना? गाव नसणार, सेन्सॉर खोडायचा. पण तारीख आणि बटालियन असेल तर सापडू शकतो. परदेशात पडलेल्यांच्या नोंदी युद्धदफनभूमी आयोगाकडे आहेत, नंबर, पलटण, तारीख, पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही. आपल्या हिंदू जवानांना अग्नी दिला होता, त्यांची नावं फोर्लीला आणि सँग्रो नदीकाठी स्मारकावर कोरलेली आहेत. मला निरोपात तारीख पाठवा.

तळटीप:
पाठवली. अंक वीस तारखेला छपाईला जातोय.

चाकपंक्चर:
एक शंका. आमच्याकडे पहार वेगळी आणि टॉमी वेगळी. पेपरवाले दोन्हीला टॉमी लिहितात. पहार जमिनीत घालायची, टॉमी पान्यात घालायची. हे कुणी तरी त्यांना सांगा.

सुभेदाराचा नातू:
तळटीप, निरोप बघा. त्या तारखेला त्या बटालियनची तीन नावं आहेत. एक खटाव, एक पाटण, एक संगमेश्वर. तिघांतला कुणीही गणपत नाही.